अंगठा वर म्हणजे ‘परत फिरा’

जमिनीवर अंगठा वर केला की सगळं उत्तम चाललं आहे. पाण्याखाली तोच अंगठा वर केला की अर्थ होतो, ‘डाइव्ह संपली, वर चला.’ ‘ठीक आहे’ सांगायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करून दाखवायचं. मालवणला पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याची इथे हमखास गंमत होते. तोंडासमोरून पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा जातो, गडी खूश होऊन अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला सरळ वर घेऊन येतो. वर आल्यावर हा विचारतो, ‘काय झालं?’ उत्तर मिळतं, ‘तूच तर सांगितलंस.’

या गमतीत मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. प्रशिक्षकाने कारण विचारलं नाही. स्कुबा डायव्हिंगमध्ये जगभर एक नियम पाळतात. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही, आणि बोटीवर परतल्यावर त्यावरून कुणी टोमणा मारायचा नाही. आज पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या मुलीने अंगठा दाखवला, तरी हजार वेळा बुडी मारलेला माणूस तिच्याबरोबर मुकाट्याने वर येतो.

आपल्या कॅडेटांनी सुट्टीत बेटावर जाऊन काही शिकून यायचं असेल तर ते हे शिकून यावं, असं माझं मत आहे. किती मीटर खाली गेलो, किती कासवं पाहिली, व्हिडिओ कसा आला, हे सगळं नंतर.

सुट्टी जवळ आली की बराकींमध्ये बेत सुरू होतात. चेन्नईत असल्यामुळे अंदमान दाराशीच आहे. इथून विमानाने अडीच तासांच्या आत श्री विजयपुरम (2024 पर्यंतचं पोर्ट ब्लेअर), आणि वेळ असेल तर बंदरातून जहाज, तीनेक दिवसांचा प्रवास. तिथून पुढे स्वराज द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचं हॅवलॉक. पण मराठी मुलांच्या बेतात मालवण असतंच. घरी जायचं, आईच्या हातचं खायचं, मग दोन-चार कोर्समेट बोलवायचे आणि ‘चला, आमचा समुद्र दाखवतो’ म्हणत कोकणात उतरायचं. चांगला बेत आहे. मी तर म्हणेन, अंदमानपेक्षा हाच करावा. खर्च कमी, आणि शिवाय त्या बेटावर आपल्या व्यवसायाच्या माणसाने पाहावं असं पुष्कळ आहे.

बेट म्हणजे कुरटे. मालवणच्या जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटांवर असलेला हा खडक. 1664 च्या नोव्हेंबरात महाराजांनी त्यावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. सुमारे 48 एकरांचं क्षेत्र, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तटाबाहेरच्या खडकांवर प्रवाळ आहे. आज पर्यटक तिथे पाण्यात उतरतात ते त्याच्यासाठी. 1987 पासून इथला परिसर सागरी अभयारण्य आहे. बाजूला तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि चिवला किनाऱ्यावर दर वर्षी हिवाळ्यात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात राज्यभरची पोरं उतरतात. म्हणजे किल्ला, होडी, पोहणं, पाण्याखालचं जग, सगळं एका दिवसाच्या चालण्याच्या टापूत.

पण तिथे जाऊन बहुतेक जण जे करतात त्याला डायव्हिंग म्हणणं जरा जास्तच होतं. होडीतून खडकाजवळ न्यायचं, दहा मिनिटांत तोंडाने श्वास घ्यायला शिकवायचं, पाठीला सिलिंडर लावायचं आणि पाच-सहा मीटरवर पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायचं. सिलिंडरची किल्ली, हवा किती उरली ते दाखवणारं घड्याळ, वर-खाली होण्याचं बटण, सगळं मागून धरलेल्या माणसाच्या हातात. तुम्ही सामान असता. नीट सांभाळून नेलेलं सामान, पण सामानच. मासे जवळ यावेत म्हणून कुठे कुठे पावाचे तुकडे टाकतात आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर देतात. घरच्या मंडळींनी, लहान भावंडांनी हे जरूर करावं. आनंदाची गोष्ट आहे आणि त्यावर मालवणच्या अनेक घरांची चूल पेटते. पण जो पुढे तीस जवानांना घेऊन निघणार आहे त्याने सामान होऊन समाधान मानू नये.

त्याने पूर्ण कोर्स करावा. तीन-चार दिवस लागतात. आधी पुस्तक आणि परीक्षा, मग तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, मग खुल्या समुद्रात चार डाइव्ह. सुरुवातीला 200 मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून राहायचं. पास झालात की 18 मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर, जाण्याची परवानगी. तलावातल्या सरावात काय काय करून घेतात ते ऐका. तोंडातली नळी काढून टाका आणि परत शोधा. चष्म्यात पाणी भरा आणि पाण्याखालीच नाकाने हवा सोडून ते बाहेर काढा. हवा संपली अशी खूण करा आणि जोडीदाराच्या दुसऱ्या नळीवर श्वास घेत वर या. आपल्या शस्त्र-सरावासारखंच आहे. अडथळा मुद्दाम निर्माण करायचा, आणि हातांना तो दूर करायची इतकी सवय लावायची की डोकं घाबरलं तरी हात चालत राहावेत. उस्ताद लोकांना हा कोर्स फार आवडेल, असा माझा अंदाज आहे.

आता त्या नियमाकडे येतो, कारण तो नुसता सभ्यपणातून आलेला नाही. त्यामागे अकरावीच्या पुस्तकातला बॉइलचा नियम आहे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. तिथे तुम्ही छातीभर श्वास घेतला आणि दम कोंडून दहा मीटरवरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. छाती दुप्पट होत नाही. लक्षात घ्या, तीसवरून वीसवर येताना हवा एक-तृतीयांशानेच फुगते. दहावरून पृष्ठभागावर येताना मात्र ती दुप्पट होते. म्हणजे सगळ्यात धोक्याचा टप्पा सगळ्यात उथळ आहे, जिथे वरचा उजेड दिसत असतो आणि माणसाला वाटतं, आलंच की. भरलेल्या छातीने दम कोंडला तर जेमतेम दीड मीटरवरूनसुद्धा फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसाचा पहिला धडा असतो, श्वास कधीही कोंडायचा नाही. आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट कुठली करतो? दम कोंडतो आणि वर झेपावतो.

तेव्हा घाबरायच्या आधी, नुसतं अस्वस्थ वाटतंय तेव्हाच, अंगठा वर होणं हा जीव वाचवण्याचा उपाय आहे. पाच मिनिटं थांबून, ‘बघू, जमेल’ म्हणून, मग घाबरून वर येणारा आणि वेळेवर खूण करून जोडीदाराबरोबर सावकाश येणारा, दोघेही त्याच पाण्यातून येतात. एक दवाखान्यात जातो आणि दुसरा जेवायला.

कानांचंही तेच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, म्हणजे कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दी असेल तर आतली नळी सुजलेली असते आणि हे जमत नाही. दुखायला लागतं. तेव्हा थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि नाहीच जमलं तर अंगठा. जोर लावायचा नाही. सर्दीची गोळी घेऊन खाली जाणारे शहाणे असतात. गोळीचा असर पाण्याखालीच उतरला की वर येताना कान अडकतो, आणि वर तर यावंच लागतं.

इथे मला आपल्या घरचा विषय काढायचा आहे. सैनिकी शिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेत जा, एक गोष्ट सारखी दिसेल. दुखणं लपवणं. नडगीत हाड चिरलेलं असतं आणि पोरगा वेदनाशामक गोळी खाऊन धावत असतो, कारण आजारी पडलो तर दिवस भरणार नाहीत, दिवस भरले नाहीत तर खालच्या टर्ममध्ये जावं लागेल, आणि मग आपले कोर्समेट आपल्या आधी पास होऊन जातील. ही भीती मला कळते. घरी आईवडिलांनी सगळ्या नातेवाइकांना परेडची तारीख सांगून ठेवलेली असते. पण या भीतीने आपण पोरांना कुठली सवय लावतो ते पाहा. ‘कसा आहेस?’ ‘एकदम ठीक, सर!’ पाय सुजलेला असला तरी ठीक. ताप असला तरी ठीक. हे उत्तर इतकं अंगवळणी पडतं की पुढे खरं उत्तर द्यायला तोंडच उघडत नाही.

आणि पुढे काय होतं? हाच मुलगा लेफ्टनंट होतो आणि पंधरा हजार फुटांवर प्लाटून घेऊन बसतो. तिथे वर जाताना लष्कराची शिस्त ठरलेली आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, मग पुढच्या टप्प्यावर चार, त्यापुढे आणखी चार, शरीराला विरळ हवेची सवय करत करत. ही दिनचर्या सगळ्यांसाठी एकच असते, शरीरं मात्र एकसारखी नसतात. एखाद्या जवानाचं डोकं दुखायला लागतं, रात्री धाप लागते. त्याने ते सांगितलं तर खाली उतरवता येतं आणि तो वाचतो. लपवलं तर फुफ्फुसात पाणी होऊन एका रात्रीत जाऊ शकतो. तो जवान आपल्या तरुण साहेबाला खरं सांगेल का? साहेब स्वतः कधी खरं बोलताना दिसला असेल तरच. ज्याने उभ्या प्रशिक्षणात एकदाही ‘मला जमत नाहीये’ म्हटलं नाही, त्याच्यासमोर त्याचे जवानही म्हणणार नाहीत. ते म्हणतील, ‘ठीक है, साहब.’

म्हणून मला पाण्याखालची शाळा पटते. तिथे अंगठा वर करण्याला किंमत पडत नाही. टर्म जात नाही, गुण जात नाहीत, रगडा होत नाही. खरं सांगण्याची सवय स्वस्तात लागते.

यावर एक आक्षेप मला चांगल्या चांगल्या सहकाऱ्यांनी घेतला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपण पोरांना परत न फिरण्याचं शिक्षण देतो. थकलास तरी चाल, हे शिकवायलाच ते इथे येतात. त्यांना परत फिरण्याची चव लावली तर गोळ्या चालू असताना ते अंगठाच वर करतील. शरीराच्या तक्रारीला भीक घालायची नाही, हीच तर पहिली पायरी.

त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. वीस किलोमीटरच्या धावेत बाराव्या किलोमीटरला मन जे सांगतं ते खोटं असतं आणि ते ओळखायला शिकलंच पाहिजे. पण खोटी तक्रार आणि खरी तक्रार यांतला फरक ज्याला कळतो तोच पुढे चालायला लायक. दोन्ही एकाच झटक्यात गप्प करणारा माणूस धाडसी वाटतो, पण त्याच्या भरवशावर नकाशा आखता येत नाही. आणि अंगठा वर करणं म्हणजे पळून जाणंही नाही. पाण्याखाली एकटं वर जाता येत नाही. तुम्ही खूण केली की जोडीदार तुमच्याबरोबर येतो, त्याने केली की तुम्ही त्याच्याबरोबर. लष्करात बडी म्हणतात, तिथेही बडीच म्हणतात. त्याला खाली सोडून आलेल्या माणसाला बोटीवर कुणी तोंड देत नाही.

शिवाय परत फिरणं म्हणजे काम सोडणं असतं, हेही खरं नाही. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. थाई नौदलाचे पाणबुडे आत शिरले, पण पाणी चढत गेलं तेव्हा त्यांना मागे यावं लागलं. आले, पाणी उपसत राहिले, बाहेरदेशचे गुहेत बुड्या मारणारे लोक बोलावले, पुन्हा गेले. 2 जुलैला मुलं सापडली आणि 8 ते 10 जुलैच्या तीन दिवसांत सगळी बाहेर आली. त्याच कामात समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत हवेची सिलिंडरं ठेवून परतताना गेला. तो स्वेच्छेने आला होता. पुढे जाण्याची वेळ असते आणि तेव्हा माणसं जातातच, ते शिकवायला पाणबुड्यांना कुणाची गरज नाही. प्रश्न असतो ती वेळ आजची आहे का, एवढाच.

आणि सिंधुदुर्गाच्या तटावर उभं राहून हा आक्षेप घ्यायचा असेल तर एक तारीख आठवावी. या किल्ल्याचं काम चालू असतानाच, 1665 च्या जूनमध्ये, पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले दिले, बारा राखले. त्या वेळी कुणी महाराजांना ‘परत फिरलात’ असं म्हटलं असेल तर त्यानेही आजच्यासारखाच आवाज लावला असेल. मात्र इकडे कुरट्यावर दगडावर दगड चढतच राहिला. दोन वर्षांनी किल्ला पुरा झाला. आणि दिलेल्या किल्ल्यांपैकी बहुतेक 1670 मध्ये परत घ्यायला सुरुवात झाली, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. तहाचं पान आपण मुलांना नेहमी जरा घाईने वाचून दाखवतो, असं मला वाटतं.

पालकांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. आपल्याकडची, म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर, लातूरकडची बरीच मुलं विहिरीत पोहायला शिकलेली असतात. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधायचा, काकाने वरून ढकलायचं, आणि मग आठवड्याभरात मुटके मारायला सुरुवात. त्याने अंगात धीटपणा येतो, नाही असं नाही. पण विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. कुठेही हात मारला की काठ लागतो. समुद्रात काठाकडे तोंड करून पोहत असताना माणूस आत जाऊ शकतो. इथे चेन्नईत रविवारी बाहेर पडलेली मुलं मरीनावर, बेसंट नगरला जातात. बेसंट नगरच्या वाळूत एक पांढरी कमान उभी आहे, तिच्यासमोर सगळे फोटो काढतात. ते 1930 मध्ये दुसऱ्याचा जीव वाचवताना बुडालेल्या एका डॅनिश खलाशाचं स्मारक आहे. दर्यावर्दी माणूस तो, पोहता येणारा. या किनाऱ्याला परतीच्या ओढीचे प्रवाह आहेत, आणि लाटा जिथे फुटत नाहीत ती शांत दिसणारी पट्टी पुष्कळदा तीच असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्टीच्या बाहेर पडा, मग आत या. विहिरीतला धीटपणा इथे नेमका उलटा उपयोगी पडतो. तो झुंजायला लावतो.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी ‘मालवणला डायव्हिंगला जातोय’ म्हणाली तर अडवू नका. ‘किती खोल जाणार?’ हेही विचारू नका, त्याने खोल जाण्याची हौस वाढते. विचारा, ‘तुझा बडी कोण?’ आणि ‘होडी कुणाची?’ दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती, आणि अपघात किनारा दिसत असताना झाला. होडीत किती माणसं बसवली आहेत आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट बांधलेलं आहे की नुसतं मांडीवर ठेवलं आहे, हे पाहायला कुठलाही कोर्स लागत नाही. आपल्या कॅडेटने तर बसायच्या आधी मोजावं आणि जास्त वाटली तर उतरावं. पैसे गेले तर गेले.

तांडेलाचं ऐकायचं हेही त्यातच आलं. त्याने आकाशाकडे बघून ‘आज नको, पाणी बरा नाय’ म्हटलं की विषय संपला. सुट्टीचा शेवटचा दिवस आहे, मित्र केरळहून आला आहे, आगाऊ पैसे भरले आहेत, ही कारणं समुद्राला सांगता येत नाहीत आणि तांडेलाला सांगू नयेत. पावसाळ्यात तर हा प्रकार बंदच असतो. दिवाळीनंतर पाणी निवळत जातं, तेव्हा जावं.

परतीच्या प्रवासाबद्दल मुलं सगळ्यात बेफिकीर असतात, म्हणून तेही सांगून टाकतो. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि उतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. दाब एकदम कमी झाला तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात. ब्रिटिश नौदलासाठी हॅल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये यावरची पहिली कोष्टकं मांडली. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॅल्डेन उतारवयात भारतात आला आणि भुवनेश्वरला वारला. त्यानेही पाणबुडीतल्या माणसांसाठी दाबकोठीत बसून स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून घेतले होते.) त्या कोष्टकांतून आजचे नियम आले आहेत. सावकाश वर या, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, आणि लगेच विमानात बसू नका. एकच डाइव्ह केली असेल तर किमान बारा तास, दोन-तीन दिवस सलग केल्या असतील तर किमान अठरा. सकाळी शेवटची डाइव्ह आणि संध्याकाळी गोव्याहून किंवा पोर्ट ब्लेअरहून चेन्नईचं विमान, असा बेत मी कॅडेटांच्या तोंडून ऐकला आहे. रिपोर्टिंगची वेळ टळू नये म्हणून. यात विमानाचं तिकीट आधी काढतात आणि कोर्सचे दिवस नंतर बसवतात, तिथेच गणित चुकतं.

मालवणकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. विमान नको म्हणून गाडीने घरी निघालात तरी घाट आहेच. आंबोली समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर आहे. डायव्हिंगच्या पुस्तकांत तीनशे मीटरच्या वर गेलं की उंचीचा हिशेब धरायला सांगतात. पाच-सहा मीटरच्या पर्यटकी बुडीनंतर त्याची काळजी नको. पण कोर्सच्या शेवटच्या दिवशी अठरा मीटरवर जाऊन आलात तर ती रात्र मालवणातच काढा. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी आहे, शिक्षा म्हणता येणार नाही. त्या संध्याकाळी भरती-ओहोटीची वेळ बघून किल्ल्याला एक फेरी मारा आणि होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा का दिसत नाही याचा विचार करा. रणनीतीच्या वर्गात ते कामाला येईल.

आता संस्थेकडे एक मागणी. साहसी उपक्रमांहून आल्यावर कॅडेटांकडून आपण अहवाल घेतो. कुठे गेलात, किती उंच, किती खोल, किती किलोमीटर. त्यात एक रकाना वाढवावा. ‘कुठून परत फिरलात आणि का?’ हा रकाना रिकामा असला तर गुण कापू नयेत, भरलेला असला तर वाढवूही नयेत. गुण आले की लोक परत फिरल्याच्या गोष्टी रचतील, आपल्या पोरांना मी ओळखतो. प्रशिक्षकाने तो फक्त वाचावा आणि दोन मिनिटं त्यावर बोलावं. वर्षाच्या शेवटी त्यातले दोन-तीन, नावं काढून, या पानावर छापावेत. आजवर आपण शिखरांचे आणि पदकांचे फोटो पुष्कळ छापले. कान दुखला म्हणून सहा मीटरवरून वर आलेल्या, दुसऱ्या दिवशी सर्दी उतरल्यावर पुन्हा गेलेल्या कॅडेटची हकिकत मला त्यांच्याइतकीच वाचायला आवडेल.

ज्यांना येत्या सुट्टीत कोर्स करायचा आहे त्यांनी आधी कान-नाक-घसा तपासून घ्यावा. दमा, कानाची जुनी शस्त्रक्रिया, फिट येण्याचा इतिहास असेल तर तो कोर्सच्या वैद्यकीय अर्जात खराखुरा लिहावा. तिथे ‘एकदम ठीक, सर’ लिहिलंत तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही. आणि निघायच्या दिवशी नाक वाहत असेल तर तारीख पुढे ढकला. बेट तिथेच आहे.